सहाशे मिलिमीटरचे बोके

नाटकाचं परीक्षण पहिल्या प्रयोगानंतर लिहावं, पुस्तकाचं न वाचता लिहावं आणि जावयाचं मात्र दहा वर्षं थांबून लिहावं, असं आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणत असत. कॅमेऱ्याचं भिंग या तिन्हींपैकी कशात मोडतं, हे मला परवापरवापर्यंत ठरवता येत नव्हतं. आता नऊ वर्षांच्या अनुभवाने सांगतो, भिंग जावयात मोडतं. घरात येताना त्याचं कौतुक होतं, खर्च सगळा आपण करतो आणि त्याचा खरा स्वभाव कळेपर्यंत हप्ते फिटलेले असतात.

तेव्हा हे परीक्षण उशिराचं आहे, हे आधीच कबूल करतो. बँकेतल्या माणसाला उशिराचं दडपण नसतं. आमच्याकडे काउंटरवर उभी असलेली माणसंही हे जाणून असतात.

गोष्ट २०१६ च्या दिवाळीतली. आम्ही नुकतेच उलव्याला राहायला आलो होतो. नकाशात सिडकोने सेक्टर आखलेले होते. प्रत्यक्षात दोन इमारती, मग एक खाजण, मग अर्धी इमारत, मग म्हशी, असा क्रम होता. रेल्वेचे खांब दिसत, रेल्वे दिसत नसे. ती खारकोपरपर्यंत आली २०१८ च्या नोव्हेंबरात. तोवर रविवारी माणसाने करायचं काय? सिनेमाला जायचं तर खाडी ओलांडावी लागे. म्हणून मी पायी फिरायला लागलो. वहाळ, मोरावे, गव्हाण, कोंबडभुजे अशी गावं हाकेच्या अंतरावर, मध्ये भातखाचरं, एका अंगाला खाडी आणि आम्रमार्गाच्या पलीकडे उलव्याचा डोंगर. चार रविवार नुसता फिरलो. पाचव्या रविवारी एका तारेवर बसलेला वेडा राघू पाहिला आणि माझी अवस्था त्याच्या नावाच्या पूर्वार्धासारखी झाली.

वेडा राघू हा हिरवा, शेपटीला दोन लांब काड्या असलेला, अत्यंत नीटनेटका पक्षी. तारेवरून झेप घेतो, हवेतल्या हवेत माशी पकडतो आणि पुन्हा त्याच तारेवर त्याच जागी येऊन बसतो. आमच्या शाखेत चहाला उठून पुन्हा त्याच खुर्चीवर येणारे बरेच आहेत, पण इतक्या लवकर कोणी येत नाही. मला त्याच्याबद्दल एकदम व्यावसायिक आदर वाटला. मोबाईल काढून फोटो घेतला. त्यात तार आली. राघूच्या जागी तारेला गाठ पडल्यासारखं काहीतरी आलं.

त्याच आठवड्यात मी फोर्टातल्या बोरा बाजारात उभा होतो.

बोरा बाजार म्हणजे कॅमेऱ्यांची पंढरी. दुकानदाराने माझ्याकडे पाहून, मी कोणत्या थराला जाऊ शकतो याचा अंदाज घेतला. तसा आम्ही कर्जदाराचा घेतो. आधी त्याने कॅमेरा दाखवला; त्याच्याबरोबर अठरा ते पंचावन्न मिलिमीटरचं एक छोटं भिंग खोक्यातच येतं, म्हणजे साडीवर ब्लाउजपीस येतो तसं. त्याकडे मी ढुंकून पाहिलं नाही. मग त्याने आतून ते काढलं. दीडशे ते सहाशे मिलिमीटर. काळं, लांब, तोफेच्या नळीसारखं.

"साहेब, याचे बोके फार सुंदर येतात," तो म्हणाला.

मी म्हटलं, "मला पक्ष्यांचे काढायचे आहेत."

"पक्ष्यांचेच येतात."

मला वाटलं, पक्ष्यावर टपलेले बोके येत असावेत. 'बोके' हा जपानी शब्द असून पार्श्वभूमी धूसर होणं असा त्याचा अर्थ आहे, हे मला घरी येऊन माहितीपुस्तिका वाचल्यावर कळलं. तोवर बारा हप्ते ठरले होते. वाणिज्य शाखेच्या पदवीधराने न समजलेल्या शब्दावर सही करू नये, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. पण मग बँकांनी कर्ज कुणाला द्यायचं?

घरी हिने भिंग दोन्ही हातांत तोललं. "दोन किलो," ती म्हणाली. रोज भाजी घेणारी बाई. वजनकाट्यावर पाहिलं तर तिची चूक पन्नास ग्रॅमची निघाली. मग तिने भिंग माझ्याकडे रोखून डोळ्याला लावलं आणि म्हणाली, "तुम्ही दिसत नाही यातून."

ही तक्रार नव्हती, वस्तुस्थिती होती. या भिंगाला पावणेतीन मीटरच्या आतलं काही दिसत नाही. आमची बैठकीची खोली साधारण तेवढीच. म्हणजे आमच्या घरातली कुठलीही वस्तू, बायकोसह, या भिंगाच्या अधिकारक्षेत्रात येत नव्हती. परीक्षकाला इथेच संशय यायला हवा होता. पण मी तेव्हा परीक्षक नव्हतो, मालक होतो.

चाचणीसाठी पहिल्या सकाळी आम्ही दोघं निघालो. आधी कॅमेरा चालतो का ते बघावं म्हणून ते खोक्यातलं छोटं भिंग लावून रस्त्यात हिचाच एक फोटो काढला. वाटेत मेथी मिळाली होती, ती तिच्या हातात होती, आणि नेमकी त्याच क्षणी ती "बसची वेळ झाली का?" असं विचारत होती. फोटो पाहून तिने तो पुसून टाकायची आज्ञा केली. "जाड दिसते" हे कारण. "बरं" म्हणून मी छोटं भिंग काढलं, ते घरी कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी ठेवलं आणि त्यानंतर नऊ वर्षं त्याचं तोंड पाहिलं नाही.

मोठ्या भिंगाने मात्र मला गावोगाव प्रसिद्धी मिळवून दिली. ते हातात स्थिर राहीना, म्हणून तिवई घेतली. आता उलव्याच्या परिसरात तीन पायांवर काही उभं करून एका डोळ्याने बघणारा माणूस एकाच खात्याचा असू शकतो. मी तिवई उघडली की खाचरातून माणसं चालत येत. एकदा डोंगराच्या पायथ्याशी मी नीलपंखावर नेम धरून बसलो होतो. मागून एक म्हातारेबुवा आले. डोक्यावर टोपी, हातात कोयता.

"कसली मोजनी हाय?"

"मोजणी नाही काका. पक्षी बघतोय."

त्यांनी पक्ष्याकडे पाहिलं, भिंगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पक्ष्यांना पन साडेबावीस टक्के देनार काय?"

विमानतळासाठी ज्यांची जमीन जायची होती, त्यांना मोबदल्यात साडेबावीस टक्के विकसित भूखंड द्यायचं ठरलं होतं. दहा गावं उठायची होती. हे मला वर्तमानपत्रातून ठाऊक होतं, म्हणजे व्याजाचा दर ठाऊक असतो तसं. मी हसलो. काकाही हसले. नीलपंख उडून गेला. मी मनात काकांना थोडा दोष दिला.

पुढे हेच काका आमच्या शाखेत पेन्शनर निघाले. शेती घरची आणि नोकरी एका सरकारी खात्यातली, असे आपल्याकडे पुष्कळ असतात. दर नोव्हेंबरला ते हयातीचा दाखला द्यायला येत. आता हे काम अंगठ्याच्या ठशावर यंत्राने होतं, पण भाताच्या चिखलात झिजलेला त्यांचा अंगठा यंत्राला पटत नसे. तेव्हा ते स्वतः माझ्यासमोर उभे राहत आणि म्हणत, "हाय बघा." मी लिहून घेई.

आता परीक्षणाकडे वळतो. भिंगाची निंदा करायची तर आधी गुण सांगितले पाहिजेत. आम्ही कर्ज नाकारतानासुद्धा आधी अर्जाबद्दल आभार मानतो.

पहिला गुण, हे भिंग लांबचं खरोखरच जवळ आणतं. त्याच्यामुळे मला शेकाट्याचे लाल पाय दिसले, खंड्याच्या चोचीतला खेकडा दिसला, आणि टिटवी ओरडते तेव्हा तिची जीभही दिसली. पक्षी ओळखायला, त्याच्या पंखावरची खूण पटवायला याच्यासारखं साधन नाही. दुसरा गुण, ते माणसाला लवकर उठवतं. उन्हं चढली की खाजणावरची तापलेली हवा हलायला लागते आणि दूरचा पक्षी पाण्यात बुडवलेल्या बिस्किटासारखा दिसतो. तिथे कितीही महागाचं भिंग असलं तरी उपयोग नाही. तिसरा गुण, ते भूगोल शिकवतं. रोहित पक्षी पाहायला मी खाडी ओलांडून नेरुळला तीन वेळा गेलो आणि तीन वेळा तळं रिकामं. चौथ्या वेळी एका अनुभवी गृहस्थांनी सांगितलं, की भरतीला खाडीतला चिखल बुडाला म्हणजे ते तळ्यावर येतात. ओहोटीला तुम्ही आलात तर तुम्हीच उभे राहा एका पायावर. तेव्हापासून मी पंचांगाऐवजी भरतीचं कोष्टक पाहतो.

एवढे गुण सांगितल्यावर दोष. तो एकच आहे, पण तोच दुकानदाराने गुण म्हणून विकला होता. ते बोके!

हिशेब साधा आहे. सहाशे मिलिमीटरवर, भिंग पूर्ण उघडं ठेवून, दहा मीटरवरच्या पक्ष्यावर नेम धरला, तर स्पष्ट येणारा पट्टा पुढचामागचा मिळून जेमतेम सात सेंटिमीटर. म्हणजे चार बोटं. या चार बोटांच्या आत जे आहे ते जगात आहे; बाकीचं सगळं विरघळून जातं. झाड, घर, देऊळ, बाई, म्हैस, सगळ्याचा मऊ हिरवट पिवळा शिरा होतो. त्या शिऱ्यावर बेदाण्यासारखा पक्षी.

हाच शिरा आमच्या मंडळींमध्ये श्रेष्ठ कला समजला जातो. आम्ही हौशी लोक एकमेकांचे फोटो बघतो तेव्हा पक्ष्याबद्दल दोन शब्द बोलतो आणि पार्श्वभूमीबद्दल दहा. "काय स्वच्छ आलंय मागचं!" स्वच्छ म्हणजे मागे काही नाही असं. एखाद्याच्या फोटोत मागे विजेचा खांब किंवा कुणाचं कौलारू घर दिसलं, की आम्ही त्याच्याकडे शर्टावर आमटी सांडलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहतो. मीही हेच शिकलो. पक्षी उत्तम जागी बसला असेल पण मागे झोपडी येत असेल, तर मी चार पावलं सरकून मागे डोंगर आणत असे. डोंगर दूर आणि हिरवा; त्याचा शिरा फार छान होई.

आता एक परीक्षक म्हणून विचारतो. माझा वेडा राघू, माझा नीलपंख, माझा खंड्या हे सगळे फोटो पुढ्यात ठेवा आणि खालची चिठ्ठी झाका. उलवे की युगांडा, सांगता येईल? पक्षी घराच्या पत्त्यासकट जगतो. तो कोणत्या तारेवर बसतो, त्या तारेखाली कुणाचं शेत आहे, शेतात पाणी आहे की भराव, यावर त्याचं पोट चालतं. आम्ही त्याचा फोटो काढतो तो पासपोर्टाचा. पांढऱ्या पडद्यासमोर, दोन्ही डोळे उघडे, कान दिसले पाहिजेत.

मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली ती १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या सुरुवातीच्या मंडळींपैकी. तेव्हाच्या काचा मंद, प्रकाश टिपायला वेळ घ्यायच्या. त्यामुळे जुन्या फोटोंत एक गंमत होई. हलणारं माणूस पुसट येई, कधी भुतासारखं अर्धंच येई, पण मागचं देऊळ आणि डोंगर कसे खणखणीत. माणूस आज आहे, उद्या नाही. डोंगर राहणार, असा तो हिशेब होता. आमच्या भिंगाने हा हिशेब उलटा केला. क्षणभर बसलेल्या पक्ष्याचं पीस न् पीस मोजून घेतलं आणि डोंगराचा शिरा केला. कारण डोंगर काय, तो कुठे जातो आहे?

तर तो गेला.

विमानतळाची पायाभरणी १८ फेब्रुवारी २०१८ ला झाली, पण जमीन सपाट करायचं काम त्याआधीच सुरू झालं होतं. सुमारे नव्वद मीटर उंचीचा डोंगर. दुपारी सुरुंग उडाले की आमच्या खिडक्या थरथरत आणि ही कपबशा आत सरकवून ठेवी. उलवे नदीचा प्रवाह वळवला. गावं उठून वडघर, करंजाडे, पुष्पकनगरला गेली. हे सगळं माझ्या गच्चीवरून दिसत होतं आणि मी त्या काळात, खोटं कशाला बोलू, गच्चीवर घारीच्या उड्डाणाचे फोटो घेत होतो. घारीमागचं आकाश स्वच्छ होतं. मधल्या काळात पार्श्वभूमीला डोंगर मिळेना, तर मी हळहळलो तो बोक्यांसाठी.

८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. नोव्हेंबरात काका दाखल्याला आले. आता हातात कोयता नव्हता, काठी होती, आणि बरोबर नातू. "हाय बघा," म्हणाले. मी लिहून घेतलं. माझ्या टेबलाच्या काचेखाली त्या नीलपंखाचा मोठा फोटो आहे. बदली झाली तरी मी तो नव्या टेबलावर नेतो. काका वाकून तो बघत बसले. मला बरं वाटलं. नऊ वर्षांत कुणा गिऱ्हाईकाने त्याकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं.

"सायेब," काकांनी बोट ठेवलं. पक्ष्यावर नव्हे, त्याच्या मागच्या हिरव्या शिऱ्यावर. "यो आमचा डोंगर ना?"

मी म्हटलं, "हो."

"यात नीट दिसत नाय. दुसरा हाय काय? या पोराला दाखवायचाय. याला वाटतं, आजा थापा मारतो."

नातू काठीकडे बघत उभा होता. मी म्हटलं, "बघतो काका. पुष्कळ असतील."

घरी जाऊन मी संगणक उघडला. एकूण फोटो चार हजारांच्या वर. त्यांतले डोंगरासमोरचे वेगळे काढले. नीलपंखामागे डोंगर, कोतवालामागे डोंगर, भारद्वाजामागे डोंगर. शे-दीडशे तरी निघाले आणि प्रत्येकात तोच मऊ, निर्मळ, सुंदर शिरा. माझ्याकडे उलव्याच्या डोंगराचे दीडशे फोटो होते आणि एकातही डोंगर नव्हता. जमाखर्च जुळत नाही तेव्हा रात्री दहापर्यंत शाखेत बसावं लागतं, तसा मी बसलो. हिने दोनदा जेवायला हाक मारली. मग तीच शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सुरुवातीला जा की. अगदी पहिल्या दिवसाचे बघा."

अगदी पहिल्या दिवसाचा एकच फोटो निघाला. खोक्यातल्या फुकटच्या भिंगाचा. अठरा मिलिमीटरवर, छिद्र मध्यम ठेवलं आणि सहासात फुटांवर नेम धरला, की तीन-साडेतीन फुटांपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. त्यासाठी कसब लागत नाही, माझ्याकडे ते नव्हतंही. समोर ही उभी, हातात मेथीची जुडी, तोंड "बसची वेळ" विचारण्यासाठी उघडलेलं. तिच्या खांद्यामागे खाचरं, बांधावरून जाणारं कोणीतरी, दोन ताड, कौलं, देवळाचा कळस आणि त्या सगळ्यांमागे या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेक झाड मोजून घ्यावं असा, उलव्याचा डोंगर.

"हा पुसायला सांगितला होता ना मी?" ती म्हणाली.

"विसरलो," मी म्हटलं. माझ्या संसारातली ही सर्वांत उपयोगी पडलेली चूक.

मोठी प्रत काढायची ठरली. हिची अट एकच, आपण कापून टाकायचं. मला ते पटण्यासारखं होतं. मी दोन प्रती काढल्या, एक हिच्यासकट, एक हिला वगळून. वगळलेल्या प्रतीत उजवीकडचा कळस पण गेला, कारण तो हिच्या कानाजवळच होता. पुढच्या आठवड्यात काका आले, तेव्हा दोन्ही पुढ्यात ठेवल्या. त्यांनी नातवाला काउंटरवर टाचा उंचावून उभं केलं आणि हिच्यासकटच्या प्रतीवर बोट फिरवू लागले. यो बांध अमक्याचा. इथं आपली विहीर. या ताडाखाली तुझा बाप पडला होता. बोट डोंगरावर चढलं, माथ्यावर थोडं थांबलं आणि दुसऱ्या अंगाने खाली उतरलं. मागे रांग लागली होती. रांगेतलं कोणी काही बोललं नाही. एकदोघं वाकून बघायलाच लागले.

मी म्हटलं, "काका, दुसरी न्या. त्यात आमच्या मंडळी नाहीत."

काकांनी दुसरी प्रत उचलून पाहिली आणि परत ठेवली. "बाईंना राहू द्या," ते म्हणाले. "दाखल्याला साक्षीदार लागतोच ना?"

आता निष्कर्ष. दीडशे ते सहाशेचं भिंग वाईट नाही. पक्षी बघायचा असेल तर जरूर घ्या, पहाटे उठा, तिवई न्या आणि कुणी मोजणीचं विचारलं तर नीट उत्तर द्या. २५ डिसेंबरपासून विमानंही उडू लागली आहेत. आमच्या गच्चीवर हल्ली शेजारी माझं भिंग उसनं मागायला येतात आणि विमानाच्या पोटावरची अक्षरं वाचून दाखवतात. मी देतो. मात्र प्रत्येक लांबच्या फोटोबरोबर एक जवळचा, रुंद, गचाळ, विजेच्या खांबासकट घेऊन ठेवा. खोक्यातलं भिंग फुकट असतं म्हणून टाकू नका. माझं मी डांबराच्या गोळ्यांशेजारून काढून पुसलंय. रविवारी तेच लावून निघतो. वहाळची खाचरं, मोराव्याची खाडी, गव्हाणच्या वाटेवरची झाडं, जे अजून आहे ते सगळं घेतो. पार्श्वभूमी बिलकुल स्वच्छ येत नाही.

काकांचं बोलणं मी घरी जसंच्या तसं सांगितलं. हिने मेथी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी साक्षीला उभं करायचं असेल, तर आधी सांगत चला. बरी साडी नेसून येईन."